मिन-कॅशचे मानकरी

रविवारी रात्री साडेआठला जेवण उरकून हे गृहस्थ बेडरूमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत, मोबाइल चार्जरला लावत आणि घरात जाहीर करत, "आज फायनल टेबल!" पुण्या-ठाण्याच्या ऑफिसांत ऑनलाइन पोकरची साथ होती, तेव्हा मजल्यागणिक असा एक मानकरी सापडे. वय पंचेचाळिशीचं, नोकरी हिशेबाची आणि स्पर्धेचं तिकीट एकशे दहा रुपयांचं: शंभर बक्षिसात, दहा कंपनीला. ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला, तेव्हा इतर खेळाडू चिडले. यांना आतून बरंच वाटलं असावं. हरण्यालाही आता करपात्र दर्जा मिळाला होता.

दैवत एकच, ख्रिस मनीमेकर. टेनेसीतला हा अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून 2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये पोचला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. "तोही अकाउंटंट, मीही अकाउंटंट," एवढंच बोलून मानकरी गप्प होत. पुढचं आपण समजून घ्यायचं.

अभ्यासात कसूर नाही. कपाटाच्या दाराला आतून, एलआयसीच्या हप्त्यांच्या तारखांशेजारी, दहाएक ब्लाइंडपुरत्या (म्हणजे दहाएक सक्तीच्या पैजांइतक्या) चिप्स उरल्यावर कुठल्या पत्त्यांवर ऑल-इन जायचं याचा तक्ता चिकटवलेला. डबा खाताना ते कुणालाही आयसीएम समजावून सांगत: चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची किंमत दुप्पट होत नाही, सबब जपून खेळावं. हे खरंच आहे, पण अर्धं. बक्षिसाच्या तोंडाशी सगळेच जपून असतात. म्हणून जो आधी सगळं ढकलतो, त्याच्यापुढे बाकीचे पत्ते टाकतात, कारण त्याला अडवायचं तर हातात त्याच्याहून दमदार पान लागतं. हे उरलेलं अर्धंही मानकऱ्यांना तोंडपाठ होतं. ते फक्त दुसऱ्यांना सांगण्यासाठी.

आता प्रत्यक्ष बघा. हजारातल्या दीडशे जणांना पैसे मिळणार आणि एकशे चौपन्न उरलेत. मानकऱ्यांकडे अकरा ब्लाइंड, डीलरचं बटण त्यांच्यापुढे, हातात बदामाचा एक्का आणि बदामाचीच नव्वी. आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकलेत. मागे दोघेच उरलेत, आणि तेही धास्तावलेले. तक्ता म्हणतो, ढकल. कपाट उघडायचीही गरज नाही. अंगठा ऑल-इनवर जातो, थबकतो, सेकंद उतरू लागतात. "चार जणांचा तर प्रश्न आहे," असं पुटपुटून ते फोल्ड करतात.

पलंगावरून आवाज येतो, "अहो, जिंकलात का?"

"थांब गं, बबल आहे."

बबल, म्हणजे पैशांच्या उंबरठ्यावरची ही घडी, काही यांच्यासाठी थांबत नाही. छोटा ब्लाइंड, मोठा ब्लाइंड आणि दर हाताची अँटी मिळून नऊ जणांच्या टेबलावर एका फेरीला जवळपास अडीच ब्लाइंड जातात. चौघं बाहेर पडेपर्यंत मानकऱ्यांजवळ उरतात तीन. पण पैसे मिळाले! सगळ्यात तळचं बक्षीस, म्हणजे मिन-कॅश: रुपये दोनशे. त्या आनंदात ते गुलाम-चौव्वीवर ऑल-इन जातात. अकरा ब्लाइंडना लोक बिचकले असते. तीन ब्लाइंडना कोण विचारतो? समोरचा चिप्सवाला शेठ पत्ते न बघितल्यासारखा कॉल करतो आणि मानकरी एकशे एकेचाळिसावे येतात.

सोमवारी ऑफिसात मात्र कथा वेगळी. "एक्क्यांची जोडी होती हो, रिव्हरला पंजा आला त्याला!" एक्क्यांची जोडी लहान जोडीपुढे पाचांत एकदा हरतेच. यांच्या तोंडी ती दर सोमवारी हरे.

लाखाच्या बक्षिसात पहिल्याला पंधरा-वीस हजार आणि तळच्याला दोनशे, हे या हिशेबनीसाला न कळण्यासारखं नव्हतं. पण दोनशे रुपयांत मुद्दल सुटतं आणि वर चहाचा खर्च निघतो. मुदत ठेवीवर वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं? मनीमेकरने शेवटच्या दोघांत सॅम फार्हासमोर इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती घेऊन, एक जोडीही लागलेली नसताना, सगळ्या चिप्स ढकलल्या आणि नव्व्यांची जोडी धरून बसलेल्या फार्हाने पत्ते टाकले. हा व्हिडिओ मानकऱ्यांनी कितीदा तरी पाहिला होता. त्यांचं मत एवढंच, की अकाउंटंटने असं करायला नको होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने केला आणि कंपन्यांनी ती टेबलं गुंडाळली. मानकरी आता फुकटच्या चिप्सवर खेळतात. तिथे जीएसटी नाही, मुद्दल नाही, बुडायला काहीच नाही. तरी बबलवर ते एक्का-नव्वी टाकूनच देतात. म्हणजे इतकी वर्षं आपण उगाच एकशे दहा रुपयांना दोष देत होतो.