भिंतीपलीकडची सिस्टर

मार्चात वसमतच्या आमच्या गल्लीत दोनच विषय चालतात, हळद आणि पोरांचं ॲडमिशन. वहिनी शिजवलेली हळद अंगणात पसरून राखत बसल्या होत्या. भिंतीपलीकडं सिस्टर तांदूळ निवडत होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. इथल्या निम्म्या पोरांना बीसीजीची सुई त्यांनीच टोचलेली, त्यामुळं त्यांच्याशी वाद सहसा कुणी घालत नाही.

"सिस्टर, पोरगी एम.एस्सी. करते म्हणायली."

"करू द्या की. बी.एस्सी. होऊन वर्ष झालं ना?"

"झालं. नांदेडला खाजगीत ड्युटी करायली."

"मग बसतंय. वर्षभराचा अनुभव लागतो अन् ५५ टक्के. विषय कोणता?"

"विषय म्हंजे? नर्सिंगच की!"

सिस्टरांनी सूप खाली ठेवलं. "वहिनी, एम.एस्सी. नुसती नसती. मेडिकल-सर्जिकल, बाळंतपणाचं, लेकरांचं, मनाच्या आजाराचं अन् कम्युनिटी. पाचांतला एक धरायचा, मग पुढं त्याच नावानं नोकरी."

"मैत्रीण घेईल ते घेते म्हणली."

"मैत्रीण उद्या लग्न करून पुण्याला जाईल. मग हिनं काय करावं?"

वहिनी हसल्या, पण आवाज लगेच खाली आला. "त्या मास्तरांच्या सुनेनं केली म्हणं एम.एस्सी. अन् शेवटी काय? सरकारी भरतीचा पेपर जीएनएम डिप्लोमावालीच्या शेजारी बसून दिला."

"दिला असंल. स्टाफ नर्सला जीएनएम नाहीतर बी.एस्सी. पुरती. नागपूरच्या एम्ससाठी नॉरसेटची परीक्षा द्या, तिथंबी एम.एस्सी. मागत न्हाईत."

"मग कामून करायची?"

"शिकवायचं असंल तर करायची. ट्यूटर, मग लेक्चरर, मग वर. अन् पेशंटजवळच राहायचं असंल तर नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स हाय, क्रिटिकल केअरचा. दोन वर्षं, निम्म्याच्या वर वेळ आयसीयूत. सगळीकडं न्हाई तो. पोरीला आधी इचारा, तिला फळा पाहिजे का पलंग."

आमच्याकडं हा प्रश्न कुणी विचारत नाही, हे खरंच आहे. "एम.एस्सी. केली" एवढं म्हणता आलं की स्थळ बघणाऱ्यांचं समाधान होतं.

"मालक म्हणतात, हिंगोलीला आता मेडिकल कॉलेज झालंय, तिथंच व्हईल."

"मालकांना सांगा, ते डॉक्टरांचं. २०२४ च्या ऑक्टोबरात मोदींनी १० कॉलेजांचं एकदम ऑनलाइन उद्घाटन केलं, त्यातलं. नर्सिंगच्या जागा येगळ्या, त्यांची सीईटी येगळी."

"मग कॉलेज बघावं कसं? जाहिरातीत तर समद्यांच्या इमारती राजवाड्यावानी."

"इमारत बघूच नका. पोरींना वॉर्ड कुठं देतात ते इचारा. विषय बाळंतपणाचा अन् दवाखान्यात महिन्याला चार बाळंतीण, मग शिकणार काय, बाहुलीवर? नांदेडचा विष्णुपुरीचा सरकारी दवाखाना बघा. आपल्याकडून, परभणीहून, यवतमाळहून, तेलंगणातूनबी पेशंट तिथंच जातंय. पेशंट असला की हात बसतो. मग गाइड. प्रबंध लिहावा लागतो, तर त्या विषयाच्या मॅडम खरंच कॉलेजात बसतात, का नुसतं तपासणीच्या दिवशी दिसतात?"

"असंबी असतंय व्हय?"

"मी काय सांगू! अन् इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघा, महाराष्ट्र कौन्सिलची बघा. त्या वर्षाची, त्याच विषयाची. बी.एस्सी.ची मान्यता दाखवून एम.एस्सी.चं ॲडमिशन देणारेबी असतात."

"विद्यापीठ नाशिकचं आरोग्याचंच ना?"

"बहुतेकांचं तेच. मुंबईला एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज हाय, १९६४ पासूनचं, त्यांचं विद्यापीठ त्यांचंच. लांब पडतंय म्हणून सोडू नका. दोन वर्षांचा तर सवाल."

वहिनींनी हळदीवरून हात फिरवला, बाजारात काय भाव निघतो त्याचा हिशेब केल्यासारखा. "अन् फी?"

"फी ऑफिसात इचारू नका. तिथं एक आकडा सांगतात अन् हॉस्टेल, मेस, परीक्षा, युनिफॉर्म नंतर निघतंय. दुसऱ्या वर्षाच्या पोरीला इचारा."

"मग द्या की अशा एखाद्या पोरीचा नंबर."

"देते. पर संध्याकाळी पोरीलाच पाठवा, तुम्ही नका येऊ. तुमच्यासमोर ती मला खरं सांगणार न्हाई."