आफ्टर दॅट

स्पोकन इंग्लिशच्या क्लासात पहिल्या आठवड्यातच 'माय डेली रूटीन' हा विषय हमखास निघतो. सरांनाही सोयीचा असतो. साधा वर्तमानकाळ शिकवायचा तर रोज घडणारं काहीतरी हवं, आणि ते प्रत्येकाकडे असतंच. मग एकेक जण उभा राहतो आणि म्हणतो, 'आय गेट अप ॲट सिक्स ओ'क्लॉक. आफ्टर दॅट आय ब्रश माय टीथ. आफ्टर दॅट आय टेक बाथ.' डोंबिवलीहून फोर्टला जाणारा कारकून, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलगी, पेन्शनीतले आजोबा, सगळे सहाच्या ठोक्याला उठतात. यांच्यापैकी कुणाच्याही बाथरूममध्ये आधी दुसरं कुणी शिरलेलं नसतं. दूध उतू जात नाही. लोकल चुकत नाही. इतकं सुरळीत आयुष्य मराठीत मी तरी कुणाचं पाहिलेलं नाही.

मुळात मराठीत आपण दिनक्रम सांगतो कधी? 'काय चाललंय?' असं विचारलं की 'काही नाही हो, नेहमीचंच' म्हणून विषय मिटतो. ते नेहमीचं काय, हे सांगायची पद्धत नाही आणि ऐकायची हौसही नाही. तोंड सुटतं ते नेहमीचं मोडल्यावर. आज नळच आला नाही, बाईंनी न सांगता दांडी मारली, गॅस ऐन फोडणीच्या वेळी संपला. कुणाचा दिवस कसा जातो हे आपल्याला कळतं ते या तक्रारींतून.

इंग्रजीत बोलताना मात्र आपण तक्रार घरी ठेवून येतो. शिकायला साधनं काय कमी होती? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. पुढे रॅपिडेक्स आलं आणि त्याच्या जाहिरातीत खुद्द कपिल देव झळकला. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आलं. 'ही', 'शी' आले की क्रियापदाला 'स' लावायचा, हे आता झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पण झोपेतून उठल्यावर आपण खरोखर काय करतो, ते सांगता येत नाही.

किराणा दुकानाच्या माळ्यावर भरणारा एक क्लास माझ्या माहितीतला आहे. खालून हळद-तिखटाचा वास येतो, त्यामुळे 'आर'चे उच्चार शिकताना निम्मा वर्ग शिंकतो. तिथे पन्नाशीच्या एका काकूंनी 'आय गेट अप ॲट सिक्स' असं ठरलेलं वाक्य टाकलं. सर म्हणाले, "काकू, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

"साडेपाचला. सव्वासहाला जातं."

"मग भरतं कोण?"

"मीच की!"

"पण तुम्ही तर सहाला उठता."

"ते इंग्लिशमध्ये हो, सर."

सर हसले नाहीत. "मग पाण्याचंच सांगा," म्हणाले. काकूंनी पदर खोचला. "सर, वॉटर कम्स फाइव्ह थर्टी. माय मदर-इन-लॉ, शी वॉन्ट्स बाथ सेम टाइम! हाऊ आय विल फिल ड्रम?" तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अवर साइड, ओन्ली आल्टरनेट डे!" मग टँकर निघाला, सोसायटीचे सेक्रेटरी निघाले, आणि 'आफ्टर दॅट' एकदाही न येता अख्खा वर्ग दहा मिनिटं इंग्रजीत भांडला. व्याकरणाचे हाल झाले, पण सरांनी मध्ये तोंड घातलं नाही. माझ्या मते शिकवण्यातलं निम्मं कसब तेच.

'इंग्लिश विंग्लिश' या चित्रपटातल्या शशी गोडबोलेचंही काही वेगळं नाही. न्यूयॉर्कमधल्या इंग्रजीच्या वर्गात तिची गाडी पुढे सरकते ती लाडवांवर. आपण लाडू करतो आणि विकतो हे तिने सांगितल्यावर सर तिला 'आंत्रप्रेन्युअर' म्हणतात, आणि ती त्या शब्दासकट फुलते. ती दात किती वाजता घासते, हे 2012 पासून आजवर कुणी विचारलेलं नाही.

इकडे माळ्यावर भांडण निवल्यावर सरांनी दुरुस्त्या केल्या. सहाला उठणाऱ्याने 'आय'म अप बाय सिक्स' म्हटलं तर कानाला बरं लागतं. 'आफ्टर दॅट'च्या जागी 'बाय द टाइम' घ्या, म्हणजे ड्रम भरेपर्यंत चहा गार होतो हे दुःख एका वाक्यात मावतं. शेवटी त्यांनी फळ्यावर 'हार्डली एव्हर' लिहिलं आणि वाक्यं मागितली. काकू ताडकन म्हणाल्या, "माय हजबंड हार्डली एव्हर पिक्स अप हिज टॉवेल." एकही चूक नाही! मग बायकांच्या रांगेतून नवरे एकापाठोपाठ एक बाहेर आले. भाजी न आणणारे, पंखा बंद न करणारे, स्वतःचा चष्मा स्वतः न शोधणारे, आणि सगळे शुद्ध व्याकरणात. मागच्या बाकावर पेन्शनीतले आजोबा बराच वेळ चुळबुळत होते. अखेर त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "सर, 'ऑलवेज' कधी घेणार आहात?"