वाडीत समाजवाद कसा शोधावा: नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम राज्यघटनेची प्रत घ्यावी. उद्देशिकेतला 'समाजवादी' हा शब्द १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं आला, तो डोळे भरून पाहावा. मग प्रत डिकीत टाकून नागपूरहून अमरावती रोडनं वाडी गाठावी. वाटेत कुणी ती दाखवा म्हणत नाही.

सुरुवात डिफेन्सपासून, म्हणजे अंबाझरीच्या आयुध निर्माणीपासून करावी. सरकारी नोकरी, क्वार्टर, दवाखाना! 'पोरगा डिफेन्समध्ये लागला' म्हटलं की सोयरीक अर्धी ठरलीच. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ निर्माण्यांच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. ही निर्माणी त्यातल्या 'यंत्र इंडिया'कडे गेली. घाबरू नये, मालक सरकारच आहे.

आता पहिला सराव. सुट्टीच्या भोंग्याला गेटसमोरच्या टपरीवर उभं राहा आणि परमनंट कोण, ठेक्यावरचा कोण, ते ओळखा. कपड्यांवरून जमणार नाही, दोघांच्याही हाताला तेच ग्रीस. महागाई भत्ता जाहीर झाल्याच्या दिवशी या. एक जण मोबाइलवर थकबाकीचा हिशेब मांडेल. दुसरा 'यंदा पीएफ भरला का ठेकेदारानं?' एवढंच विचारेल.

थोडा इतिहास (वगळला तरी चालेल): १९९१ चं उदारीकरण दिल्लीकरांनी लादलं म्हणू नका. ते आणणारे नरसिंह राव त्याआधी आपल्याच रामटेकचे खासदार होते, बाप्पा!

दुसरा सराव गोदामांत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्याराज्यांत वेगळं गोदाम ठेवायची गरज कमी झाली आणि देशाच्या मध्यावरच्या नागपूरचा भाव वाढला. शेत विकलेल्याकडे आज एसयूव्ही आहे. त्याच शेतावरच्या शेडमध्ये हमाल फ्रिजचा खोका पाठीवर घेऊन फळीवरून उतरतो. खाली पाय टेकला की मुकादम वहीत एक रेघ मारतो. संध्याकाळी रेघांचे पैसे. रेघ राहिली तर भांडायचं कुणाशी, हे वहीत नसतं.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी आकडा: वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सहाच्या आसपास होता. मुकादमाला हा आकडा सांगू नये, रेघ चुकते.

शेवटचा सराव सगळ्यात सोपा, म्हणून कुणी करत नाही. माथाडी कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. तुमचा माल उतरवणाऱ्याला विचारा, 'भाऊ, माथाडी मंडळात नोंद आहे का?' नसेल तर अर्ज लिहायला त्याच्याजवळ बसा.