घनफळ काढा घरच्या घरी

साहित्य: एक टेप, एक पेन्सिल आणि वाळूचा ट्रक. ट्रक नसेल तर घर बांधायला काढा, तो आपोआप येतो. दहावीच्या भूमितीत हा विषय 'महत्त्वमापन' या नावाने अगदी शेवटच्या प्रकरणात असतो आणि परीक्षा तोंडावर आल्यामुळे घाईघाईत उरकला जातो. म्हणून दोन मुलांच्या बापालाही इथे नवशिकाच धरलं आहे.

सुरुवात इष्टिकाचितीने, म्हणजे ट्रकच्या हौद्याने करा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. हौदा १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि अडीच फूट उंच असेल तर घनफळ २१० घनफूट. वाळू, खडी, मुरूम हे सगळं ब्रासवर विकतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा हे झाले २.१ ब्रास. पुस्तकातलं गणित इथे संपतं. नवशिका फाळक्याची उंची मोजतो, वाळूची मोजत नाही. वाळू फाळक्याच्या सहा इंच खाली असली की २१० चे १६८ होतात आणि ४२ घनफूट हवा तुम्ही रोख पैसे देऊन विकत घेता. टेप वाळूत खुपसा, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये उंची घ्या, सरासरी काढा. "फुल आहे साहेब, बघा की डोळ्यांनी," असं ड्रायव्हर म्हणेल. डोळे खिशात ठेवा.

एवढं करूनही वाळू ओलसर निघाली तर गणित पुन्हा फसतं. थोडी ओल असलेल्या बारीक वाळूत प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळू वीस-पंचवीस टक्के सहज फुगते. तीच वाळू पाण्यात पुरती बुडवली की पुन्हा खाली बसते. म्हणजे चिंब वाळू एक वेळ परवडली, दमट नको. हे सूत्रात कुठेच नसतं.

आता शंकू. तुम्ही ऑफिसात असताना ट्रक रिकामा होतो (तो तेव्हाच होतो) आणि संध्याकाळी तुमच्या वाट्याला ढीग येतो. शंकूचं घनफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची, भागिले तीन. सूत्र बिनचूक आहे, पण ढिगाची त्रिज्या मोजायला ढिगाच्या पोटात शिरावं लागतं. या अडचणीवर भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त तोडगा देऊन ठेवला आहे. त्यांनी तो धान्याच्या राशींसाठी सांगितला, पण वाळूला त्याचं वावडं नाही. ढिगाभोवती टेप फिरवून परीघ घ्या, त्याचा सहावा भाग काढा, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. परीघ ३६ फूट, उंची ४ फूट. सहाचा वर्ग ३६, गुणिले ४, म्हणजे १४४ घनफूट.

ढीग शेजाऱ्याच्या भिंतीला टेकला असेल तर हाती लागणारा परीघ दुप्पट करा आणि आलेल्या उत्तराचं निम्मं घ्या. भिंतींच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर चौपट करून चौथाई. बाहेरच्या कोपऱ्याला बिलगलेल्या राशीचीही सोय ग्रंथात आहे. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीसुद्धा माल मोकळ्या जागेत कोणी उतरवत नसे, एवढं यावरून नक्की होतं. एकच सावधगिरी: या रीतीत पायची किंमत ३ धरली आहे, त्यामुळे उत्तर पाचेक टक्के जास्त येतं आणि तो फायदा विकणाऱ्याचा. खुद्द भास्कराचार्यांना ३९२७ भागिले १२५० ही सूक्ष्म किंमत ठाऊक होती, ग्रंथात ती आहे. गिऱ्हाइकाने परिघाच्या वर्गाला उंचीने गुणून ३८ ने भागावं: १३६ घनफूट. आठ घनफूट वाचले.

वृत्तचितीला, म्हणजे गच्चीवरच्या टाकीला, फार वेळ देऊ नका. पाय, त्रिज्येचा वर्ग, उंची. त्रिज्येच्या जागी व्यास घातलात तर टाकी चौपट होते, पाणी तेवढंच राहतं. हंडा आणि घागरीला सूत्र लावू नये; लिटरच्या मापाने पाणी ओतत जावं आणि मापं मोजावीत.

गोल मात्र जपून. चार तृतीयांश पाय गुणिले त्रिज्येचा घन. हा घन भल्याभल्यांना नडला आहे: आर्यभटांच्या सूत्राने गोलाचं घनफळ खऱ्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त येतं. भास्कराचार्यांनी पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागायला सांगितलं, ते अचूक आहे. सराव लाडवांवर करा. ६ सेंटीमीटर व्यासाचा लाडू ५ सेंटीमीटरचा झाला तर ताटात फरक दिसत नाही, पण ४२ टक्के लाडू गेलेला असतो. मिठाईवाला नगावर लाडू देऊ लागला की टेप काढायची वेळ झाली असं समजा, आणि जमलं तर वजनावरच घ्या.

ट्रककडे परत जाताना एक आकडा लिहून ठेवा. पावती घनमीटरमध्ये आली तर गोंधळू नका: एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. पैसे ढीग मोजून झाल्यावर द्या.