धुतल्या बुटासारखे

महाराष्ट्रात पावसाळा चार महिने आणि बुटांच्या दुकानात पांढरा रंग बारा महिने. जुलै महिन्यात संध्याकाळी दादरला किंवा डेक्कनला कोणत्याही इमारतीच्या जिन्यात उभं राहा, विशी-पंचविशीतली मंडळी बूट पिशवीत आणि पाय चिखलात अशा अवस्थेत घरी परतताना दिसतील. पायांचं काय, पाय धुता येतात.

बूट धुता येतो का, हा मात्र आता अभ्यासाचा विषय आहे. पूर्वी बूट दोनच जातींचे असत, काळे आणि पांढरे. काळ्याला डबीतलं पॉलिश, पांढऱ्याला बाटलीतला सफेदा, विषय संपला. आता कॅनव्हास, रेक्झिन, कातडं, विणलेली मेश, नुबक, स्वेड असं सगळं असतं, आणि बरेचदा एकाच बुटात असतं. टोकाला कातडं, बाजूला मेश, टाचेला स्वेड. म्हणजे एकाच बुटाला तीन डॉक्टर. या सगळ्या पसाऱ्यात नियम एकच आहे, पण तो दुकानात कुणी सांगत नाही: जितका महाग तितका पाण्याला भिणारा. ‘सर, हा प्रीमियम स्वेड आहे,’ म्हणताना विक्रेता आवाज खाली आणतो. त्यावर ‘पावसात चालेल ना?’ असं विचारणारा बाप पोराला त्या क्षणी जितका परका वाटतो, तितका दहावीच्या निकालाच्या दिवशीही वाटलेला नसतो.

या उतरंडीत सगळ्यात खाली कॅनव्हास. बिचारा सगळं सोसतो. अमेरिकेत कॉन्व्हर्सने १९१७ साली बास्केटबॉलसाठी बूट काढला तो कॅनव्हास आणि रबराचाच, आणि आपल्याकडे त्याचा चुलतभाऊ शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायतीला येत असे. त्याचं धुणं शुक्रवारी रात्री राहून गेलेलं असायचं. मग रांगेत उभं राहूनच वर्गातून उचललेला खडू चवड्यावर घासायचा. ‘सावधान’ म्हटलं की मैदानावर जो पांढरा ढग उठे त्यात पीटीचे सर क्षणभर दिसेनासे होत. याला स्वच्छता म्हणत नाहीत हे मान्य. पण मंत्री येणार म्हणून दुभाजक रंगवतात त्यालाही म्हणत नाहीत, तरी त्याची बिलं निघतात.

खरंच धुवायचा असेल तर कॅनव्हाससारखा सोपा बूट नाही. नाड्या काढा, आतला तळवा काढा, साबणाचा चुरा आणि खायचा सोडा यांच्या लगद्याने घासा. मग पाणी, भरपूर पाणी. घासण्यापेक्षा खंगाळणं महत्त्वाचं, कारण वाळल्यावर जो पिवळेपणा येतो तो पुष्कळदा मळाचा नसतोच, राहून गेलेल्या साबणाचा असतो. म्हणून जाणते लोक ओल्या बुटावर पांढरा टिश्यू पेपर चिकटवून सावलीत ठेवतात. पाणी उडताना आतलं सगळं वर येतं आणि कागदावर पिवळं उतरतं. बूट पांढरा राहतो, कागद बदनाम होतो. कार्यालयांतल्या चौकशीअंती कनिष्ठ लिपिकाचं जे होतं तेच. ब्लीचच्या वाटेला मात्र जाऊ नये. ते पांढरं करण्याचं वचन देतं आणि रबर पिवळं करून जातं.

वचनांचा विषय निघालाच आहे तर सोडा-व्हिनेगरचं बोलू. सध्या मोबाइलवर कोणत्याही बुटाला एकच औषध सांगतात: खायचा सोडा पसरा आणि त्यावर व्हिनेगर ओता. झकास फसफस होते, खाली लोकांचे टाळ्या वाजवणारे हात उमटतात. एक अल्क, एक आम्ल, जन्माचे विरोधक. एकत्र आले की कॅमेऱ्यासमोर फेसच फेस. कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो आणि खाली उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं खारट पाणी. दोघं सुटे असताना ज्याच्या त्याच्याकडे डाग काढण्याची जी थोडीफार कुवत होती, तीही त्यात उरत नाही. हे रसायनशास्त्र महाराष्ट्राच्या मतदाराला वेगळं शिकवायला नको. त्याने अलीकडे त्याची प्रात्यक्षिकं पुरेशी पाहिली आहेत.

आता मिसळ. पांढऱ्या बुटाचा खरा शत्रू चिखल नव्हे, तर्री. पाव बुडवून तोंडाकडे नेताना एक थेंब सुटतो आणि नेमका चवड्यावर उतरतो. पोरगा धावत घरी येतो, साबण लावून घासतो, आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. तो किंचाळतो. आजी मात्र जपमाळ न थांबवता सांगते, ‘हळदीला चुना लागला की कुंकू होतं रे.’ साबणही चुन्यासारखाच अल्कधर्मी, त्यामुळे हळदीतलं करक्यूमिन तिथेही लाल होणारच. घाबरून त्याने लिंबू पिळलं की डाग पुन्हा पिवळा. म्हणजे अर्धा तास खर्ची घालून प्रकरण मूळ पदावर.

उपाय आहे आणि तो फुकट आहे. आधी भांडी घासायच्या पातळ साबणाने तेल काढायचं, स्वच्छ पाण्याने साबण घालवायचा आणि डाग उन्हाला दाखवायचा. हळदीला ऊन सोसत नाही, दुपारभरात ती फिकट होते. पण बुटाच्या तळालाही ऊन सोसत नाही. पांढरं रबर पिवळं पडतं, फार तापलं तर डिंक सैल होतो. त्यामुळे डाग उन्हात हवा आणि तळ सावलीत. गेल्या मे महिन्यात आमच्या समोरच्या इमारतीत एक इंजिनियर मुलगा दुपारभर गॅलरीत बसून होता. बुटाच्या तळाला ओलं फडकं गुंडाळलेलं, चवडा तेवढा उघडा, आणि सूर्य सरकेल तसा तो बूट सरकवत होता. घरून काम चालू होतं म्हणे.

मातीचंही एक शास्त्र आहे. ओला चिखल घासायचा नसतो, वाळू द्यायचा असतो. विशेषतः आपली काळी माती. ती ओली असताना ब्रश लावला की कापडाच्या विणीत जाऊन बसते. वाळली की आपणहून खपल्या सोडते. कोकणातल्या तांबड्या मातीत लोह आहे, त्यावर ब्लीच टाकलं तर डाग कायमचा वस्तीला येतो. तिथे मात्र लिंबाला मान आहे.

मधल्या वर्गाबद्दल थोडक्यात. कातड्याचा बूट न्हाऊ घालायचा नसतो, पुसायचा असतो: ओलसर फडकं, शाम्पूचा थेंब, पुन्हा कोरडं फडकं, सावली आणि शेवटी बोटभर क्रीम. आपल्या आजोबांना हे ठाऊक होतं. मृग लागला की कोल्हापुरी वहाण तेल पाजून माळ्यावर जायची आणि दसऱ्याला खाली यायची. मधले महिने प्लास्टिकची पावसाळी चप्पल. तिच्यात आजोबांची प्रतिष्ठा कमी झाल्याचं कुणी ऐकलं नाही. रेक्झिन तर त्याहून सोपं. रस्त्यावर मिळणारी जी ‘फर्स्ट कॉपी’ असते ती बहुधा याच रेक्झिनची, त्यामुळे अस्सल बुटाचा मालक पावसात रिक्षा शोधत असतो आणि नकलेचा मालक डबक्यातून सरळ चालत जाऊन घरी ओल्या फडक्याने बूट पुसून मोकळा होतो. वर्ष-दोन वर्षांनी नकलेचे पापुद्रे निघतात हे खरं. पण तोवर तो चाललेला तरी असतो.

विणलेला बूट हा अलीकडचा पाहुणा. नायकीने २०१२ मध्ये फ्लायनिट आणला आणि बूट मोज्यासारखे विणले जाऊ लागले. याला पाणी चालतं, कडक ब्रश चालत नाही, धागे उसवतात. साबणाचा फेस, मऊ ब्रश, हलका हात. वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याचा मोह होतो, पण बहुतेक कंपन्याच नको म्हणतात आणि त्यांच्याही वर घरातली आई असते. ‘ज्यात देवाची वस्त्रं धुते त्यात तुझे बूट?’ या प्रश्नाला थंड पाणी, उशीचा अभ्रा, मंद फेरी असली तांत्रिक उत्तरं चालत नाहीत.

आणि मग स्वेड. स्वेड म्हणजे अधिक मासात आलेला जावई. त्याला काय चालतं यापेक्षा काय चालत नाही याची यादी मोठी. पाणी नको, साबण नको, ऊन नको, ओलं फडकं नको, दोरीवर टांगणं नको. कातड्याच्या आतल्या बाजूची ती मखमल, भिजली की तंतू चिकटून कडक होतात आणि डबक्याचा नकाशा कायमचा उमटतो. तिला एकाच दिशेने कोरडा ब्रश फिरवायचा. डागाला शाळेतला साधा खोडरबर. तेल सांडलं तर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर रात्रभर टाकून सकाळी झटकायचं. पुमाचा ‘स्वेड’ १९६८ चा. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये टॉमी स्मिथ कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याकडे जगाचं लक्ष वेधण्यासाठी नुसत्या काळ्या मोज्यांवर पदक घ्यायला उभा राहिला आणि हा बूट त्याने शेजारी चौथऱ्यावर ठेवला. इतकं मोठं काम करून गेलेला बूट आज पुण्यात कशासाठी जपला जातो, तर कॅफेतल्या टेबलाखाली फोटो काढण्यासाठी.

जपणाराही पाहण्यासारखा असतो. ज्याने जन्मात स्वतःचं जेवलेलं ताट उचललं नाही, तो रविवारी सकाळी जमिनीवर मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून, मऊ ब्रशने अर्धा तास एका टाचेची लव एका दिशेला वळवत बसतो. आई दारातून बघते. तिच्या चेहऱ्यावर कौतुक असतं की हिशेब, हे सांगता येत नाही. एकदा तिने ‘तेवढा ओटाही...’ एवढंच म्हटलं. तो ऐकू येणाऱ्या वयाचा होता, पण कानात इअरबड्स होते.

काही घरांत हे काम मावशींकडे सरकवून पाहिलं गेलं. मावशींनी बूट हातात घेतला, उलटा केला, नखाने तळ खरवडला आणि म्हणाल्या, ‘ताई, भांडी, केर-लादी आणि कपडे ठरलेत. बुटांचे वेगळे पडतील. आणि हा मऊवाला मी घेणार नाही, याचं काही झालं तर माझा पगार जाईल.’ वाक्य संपल्यावर बुटाची किंमत विचारली. कुणी सांगितली नाही. मग ‘लाँड्री’ उघडणारे आले. बुटाचं छायाचित्र पाठवा, घरून उचलू, घरी आणून देऊ. चपला शिवणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेला तीन फूट जागेसाठी पालिकेची गाडी उचलून नेते, आणि हेच काम काचेच्या दारामागे केलं की त्याला स्टार्टअप म्हणतात.

वाळवण्याबद्दल वर्तमानपत्रात लिहिताना थोडा संकोच होतो, कारण आमचा स्वार्थ आहे. ओल्या बुटात कागदाचे बोळे कोंबावेत, दोन-तीन तासांनी बदलावेत. अग्रलेखाचं पान ओल उत्तम शोषतं. पुरवणीचं गुळगुळीत, जाहिरातींचं पान शोषत नाही, तिथे सगळं वरच्यावर राहतं. पांढऱ्या अस्तराला शाई लागते, म्हणून आधी एक कोरा कागद गुंडाळावा. हे सदरही चालेल, फक्त वाचून झाल्यावर.

तरीही एक बूट असा आहे की ज्याचं धुणं आम्हाला कळलेलं नाही. पूर आला, दरड कोसळली की पाहणी दौरा निघतो. पांढरा सदरा, पांढरी पँट आणि हल्ली पांढरे स्नीकर्स. अधिकारी घोट्यापर्यंत चिखलात, गावकरी गुडघ्यापर्यंत, बातमीदार पडलेला. मधोमध ते बूट, धुतल्या तांदळासारखे. माध्यम कॅनव्हास की कातडं, वापरतात तो साबण कोणता, हे माहितीच्या अधिकारात विचारायला हवं. रस्ता तर आपलाच होता.

असो. ज्यांनी हे सगळं वाचून बूट न वापरण्याचाच निर्णय घेतला असेल त्यांच्यासाठी शेवटची माहिती. तळ पॉलियुरेथेनचा असेल तर तो हवेतली आर्द्रता घेत आतून तुटत जातो. वापरला नाही, डब्यातून काढला नाही, तरीही. सिलिका जेलच्या पुड्या थोडी मुदत वाढवून देतात, पण ठाण्याची हवा कुणाचं ऐकत नाही. एका लग्नात नवरदेवाने शेरवानीखाली घालायला कित्येक वर्षं डब्यात राखलेला मर्यादित आवृत्तीचा जोड काढला. मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढून अंतरपाटापर्यंत तो पोचला. हिंदी सिनेमातून मराठी मांडवात शिरलेल्या रिवाजाप्रमाणे मेहुण्यांनी बूट पळवायला हात घातला, तर वरचा भाग हातात आला आणि तळ चुऱ्यासकट सतरंजीवर राहिला. मुली क्षणभर गोंधळल्या. मग धाकटीने वरचा भाग पदराआड धरून भाव सांगितला: ‘जिजाजी, याचे अकरा हजार. खालचं तुम्हाला हवं असेल तर केरसुणी आत आहे.’