मेल्यानंतरचे मंचेरियल : नवशिक्या कादंबरीकारासाठी मार्गदर्शिका

साहित्य : एक मयत. एक पोर, वय वर्षे अकरा. एक खुनी, तोही घरातलाच, कारण बाहेरून आणला तर निम्मी कादंबरी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून राहते. एक कावळा. एक नदी, ती मंचेरियलला फुकट मिळते. यम बरोबर नेण्याची गरज नाही. त्या भागात तो पूर्वीपासूनच आहे, आणि त्याच्याकडे काम फार आहे.

गाव का हेच

खून, पोरकेपण आणि परलोक यांवर हसत हसत लिहायचं ठरवलं की नवशिका पहिल्यांदा कोकणात पळतो. तिथली भुतं आपल्याकडच्या लेखकांनी इतकी राबवली आहेत की त्यांना आता सुट्टी द्यावी. पुण्यातली भुतं सोसायटीच्या कमिटीवर गेली. म्हणून बल्लारशाहहून काझीपेटकडे जाणारी गाडी धरा. बहुतेक मराठी माणसांनी मंचेरियल पाहिलंय ते हैदराबादला किंवा तिरुपतीला जाताना, मध्यरात्री, खिडकीला डोकं टेकवून. गोदावरीचा उत्तर काठ, सिमेंटचा कारखाना आणि आसपास सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी. 11 ऑक्टोबर 2016 पर्यंत हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होतं, त्यानंतर स्वतःच जिल्हा झालं. जुन्या आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा 1956 साली आपल्याकडे आले. त्यामुळे तिथल्या एखाद्या जुन्या भुताला वारसाचा दाखला हवा असेल तर उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही दप्तरांत खेटे घालावे लागतात. हा विनोद तुम्हाला आयता मिळतो. पहिल्याच पानावर उधळू नका.

परलोक उभा करणे

इथे नवशिके सर्वांत जास्त घाम गाळतात आणि तो वाया जातो. ढग, धूर, जांभळा उजेड, वाजणाऱ्या साखळ्या. यातलं काहीही नको. लक्सेट्टिपेटवरून पुढे जाऊन नदी ओलांडली की धर्मपुरी लागते. तिथल्या नरसिंहाच्या देवस्थानात यमाचं स्वतंत्र देऊळ आहे. जीव न्यायचं काम अहोरात्र करून थकलेला यम या गावी आला, गोदावरीत बुडी मारली आणि मग त्याला जरा बरं वाटलं, अशी कथा तिथे सांगतात. धर्मपुरीला जाऊन आलेल्याला यमपुरी चुकते अशी तेलुगूत म्हणच आहे. म्हणजे कामावरून दमून आलेला एक अधिकारी, आणि ज्या गावी तो विश्रांतीला येतो त्या गावालाच त्याच्या खात्यातून सूट! यापेक्षा चांगलं पात्र तुम्हाला सुचणार नाही, तेव्हा सुचवू नका.

आता नदीच्या प्रवाहाबरोबर खाली कालेश्वरमला चला. पलीकडच्या काठावर गडचिरोलीतलं सिरोंचा, मध्ये प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम. कालेश्वरमच्या देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत. एक शिवाचं, दुसरं यमाचं. कारण असं सांगतात की मुक्तेश्वराच्या दर्शनाने जो तो थेट मोक्षाला जायला लागला, यमाकडे कुणी येईनासं झालं आणि यमाने शंकराकडे गाऱ्हाणं घातलं. तोडगा निघाला : यमालाही त्याच पीठावर जागा, आणि भक्ताने आधी त्याला नमस्कार करायचा. कामकाज कमी झालं म्हणून खातं बंद न करता आवक वाढवण्यासाठी नियम बदलायचा, ही रीत आपल्याला अगदी परिचयाची आहे.

तर परलोक म्हणजे कचेरी. ही कल्पना मी शोधलेली नाही, तुम्हीही शोधल्याचा आव आणू नका. शेहान करुणतिलक यांच्या ज्या कादंबरीला 2022 चं बुकर मिळालं, तिच्यात मारला गेलेला छायाचित्रकार मेल्यावर एका गर्दीच्या कचेरीतच जागा होतो. आपल्याकडे सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये 1974 सालीच भाऊरावांचं प्रेत हट्ट धरून बसलं होतं की जाळायचं तर जुन्याच स्मशानात. ते नाटक वाचल्याशिवाय ही मार्गदर्शिका पुढे वाचू नये. प्रेताला बोलतं कसं करायचं एवढ्यासाठी नाही. प्रेत बोलत असताना बाकीच्या चाळीने आश्चर्य वाटू न देता आपापली कामं कशी करत राहायची, हे तिथे शिकायला मिळतं.

मंत्र एकच : थाप एकदाच मारावी

अद्भुत कादंबरीत एक थाप चालते. दुसरी मारली की वाचक पुस्तक उशाखाली ठेवून झोपतो. तुमची थाप कोणती, ती मी सुचवतो. कालेश्वरमच्या उपसा सिंचन योजनेत संगमाच्या खालच्या अंगाला मेडिगड्डाचा बंधारा आहे. त्याने अडवलेलं पाणी कन्नेपल्लीचे पंप उचलून अन्नारमच्या बंधाऱ्यात टाकतात, तिथून ते सुंदिल्लाला चढवायचं आणि तिथून येल्लमपल्लीला, म्हणजे पुन्हा मंचेरियलच्या दारात. इथवर सगळं खरं आहे. 21 जून 2019 रोजी योजनेचं उद्घाटन झालं तेव्हा आपले मुख्यमंत्रीही हजर होते. आता थाप : संगमात सोडलेल्या अस्थींबरोबर जो जीव मोक्षाकडे निघाला होता, तोही पंपाने उलटा वर आला.

बस्स. यापुढे सगळं नियमाप्रमाणे. जीव येल्लमपल्लीच्या जलाशयात तरंगतो आहे, चित्रगुप्ताच्या वहीत तो ‘रवाना’ दाखवला आहे, आणि सिंचन खात्याच्या वहीत तो पाण्यात मोजला गेला आहे. दोन्ही वह्या बरोबर आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये मेडिगड्डाचे खांब खचले आणि पंप थांबले, हेही वापरता येईल. त्या तारखेनंतर मेलेल्यांना सरळ वाट मिळाली आणि आधीचे अडकून पडले. पण ही गंमत दुसऱ्या भागासाठी राखा.

खून

इथे आवाज खाली आणा. कारण मंचेरियलच्या आसपास खुनाचं कारण शोधायला कल्पनाशक्ती लागत नाही. खाणकामगार नोकरीत असताना वारला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते. चांगली तरतूद आहे, असंख्य चुली तिच्यावर चालल्या. पण 2020 मध्ये, गोदावरीच्या पलीकडच्या पेद्दपल्ली जिल्ह्यात, सिंगरेणीत नोकरीला असलेल्या बापाला पोटच्या मुलाने मारल्याची बातमी आली. कारण तीच नोकरी, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच वर्षी झारखंडातल्या कोळसापट्ट्यातूनही तसलीच बातमी होती. या माणसांना कादंबरीत घेऊ नका. त्यांची नावं, गल्ली, घर यातलं काही नको. तुम्हाला हवा आहे तो फक्त सापळा : बाप जिवंत असेपर्यंत त्याचं मोल पगाराएवढं, मेल्यावर तेच मोल जन्मभराच्या पगाराएवढं.

तेव्हा तुमच्या कादंबरीत बापाला मारलं थोरल्या मुलाने. आई आधीच गेलेली. घरात उरली धाकटी बहीण. आणि खरी मेख इथे आहे. बापाला अग्नी कोण देणार? थोरला. पिंड कोण ठेवणार? थोरला. मृत्यूची माहिती देणारा म्हणून सही कुणाची? थोरल्याची. पोरीचा पालक कोण? तोच. हिंदू वारसा कायद्याचं 25 वं कलम म्हणतं की खून करणाऱ्याला मयताची मालमत्ता मिळत नाही. पिंड ठेवण्याबाबत असं कलम माझ्या पाहण्यात नाही.

कावळा

या प्रकरणाला घाई करू नका. वाटलं तर तीस पानं घ्या. दहावा दिवस, गोदावरीचा घाट, पिंड मांडलेले, कावळा झाडावर. तो उतरत नाही. मग नेहमीप्रमाणे मयताच्या इच्छा आठवायला सुरुवात होते. घराची पडवी बांधून काढू. उतरत नाही. पोरीचं शिक्षण करू. नाही. नोकरी मिळाली की पहिल्या पगारात तिरुपतीला जाऊ. कावळा पाठ फिरवतो. मामा म्हणतो, दारूची बाटली ठेवून पाहा. आत्या म्हणते, त्याला लसणाची चटणी आवडायची. प्रत्येक जण बापाबद्दल काहीतरी सांगतो, आणि वाचकाला बाप कळतो तो इथेच, आधी कुठेही नाही. थोरल्याला मात्र कावळा काय ऐकायला थांबलाय ते पक्कं ठाऊक आहे. तो सगळं कबूल करेल, ते सोडून.

नवशिका इथे कावळ्याला बोलायला लावतो. हात आवरा. कावळ्याने बोलायचं नाही, कारण थोड्या वेळाने भटजी घड्याळ बघतात, दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला टेकवतात आणि विधी यथासांग पार पडतो. शास्त्रात सोय आहे. कंपनीत सोय आहे, सरकारातही आहे. मेलेल्याची प्रत्येक अडचण ओळखून कुणीतरी शतकांपूर्वी किंवा गेल्या मार्चमध्ये तिच्यावर तोडगा काढून ठेवला आहे. घाटाच्या पायरीवर बसलेल्या पोरीसाठी मात्र कुणाकडे दर्भाचं काही नाही. कादंबरी या पायरीवर उभी आहे, पण हे वाक्य कादंबरीत लिहायचं नाही.

पोर

वय अकराच का? कोळसा उद्योगाच्या राष्ट्रीय वेतन करारात मयत कामगाराचा मुलगा बारा वर्षांवरचा असेल तर त्याचं नाव तो अठराचा होईपर्यंत यादीवर राखून ठेवायची तरतूद होती. मुलगा, आणि बारा. तुमची पोर अकरा वर्षांची आहे, आणि मुलगी आहे. तिला बापाच्या मरणातून नोकरी मिळण्याची शक्यता नाही, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. शोध घ्यायला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

पोरक्या पोरांची आपल्याकडे वाण नाही. तेराव्या शतकात या नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला, चार भावंडं शुद्धिपत्र मागायला गेली होती. परंपरा सांगते की त्यांच्या आईबापांना प्रायश्चित्त म्हणून देह सोडायला लावलं होतं, आणि त्यानंतर पोरांकडे कागद मागितला. तिथे रेड्याने वेद म्हटले. रेडा हे कुणाचं वाहन, ते तुम्हाला माहीत आहेच. मोगलीलाही विसरू नका. त्याची वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि कालेश्वरमलाच येते. नील गेमनने 2008 मध्ये त्याच ‘जंगल बुक’चा साचा घेऊन खून झालेल्या घरातलं पोर कब्रस्तानातल्या भुतांच्या ओटीत घातलं. म्हणजे दोन्ही नद्यांनी पोरकी पोरं वाहून आणून तुमच्या कादंबरीच्या घाटाला लावली आहेत. या सगळ्यांचा उल्लेख पुस्तकात करू नका. लेखक वाचतो हे वाचकाला लगेच कळतं आणि आवडत नाही.

पोरीला शहाणपणाची वाक्यं देऊ नका. तिला भूक लागते, तिला भावाची भीती वाटते आणि भाऊ तिला आवडतोही, कारण सायकल त्यानेच शिकवली.

खाली उतरणे

यमपुरीचं दार म्हणजे खाण. तिथे खाणीला ‘बावी’ म्हणतात, विहीर. खाली उतरताना दिव्याच्या खोलीत नोंद, वर आल्यावर पुन्हा नोंद, म्हणजे किती माणसं जमिनीच्या पोटात आहेत याचा हिशेब राहतो. चित्रगुप्ताला तिथे बसवा, डोक्याला दिवा लावून. मात्र एक मर्यादा. 16 जून 2003 रोजी गोदावरीखनीच्या एका खाणीत पाणी घुसून 17 कामगार गेले. तुमच्या पाताळात पाणी आणायचं असेल तर त्या पानावर विनोद नको. वाचकांमध्ये त्या घरांतलं कुणी असू शकतं, आणि नसलं तरी नको.

मुदती

मृत्यूची नोंद 21 दिवसांत. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. गरुडपुराणाच्या हिशेबाने जीव सोळा नगरं आणि वैतरणी ओलांडत यमपुरीला पोचतो तोही वर्षानेच. कथानकाचा कालावधी त्यामुळे ठरलेलाच आहे, वेगळा आराखडा काढत बसू नका.

शेवट

भावाला नरकात तळू नका. त्याला नोकरी मिळू द्या, मग जाऊ द्या, आणि हे दोन परिच्छेदांत उरका. शेवटचं प्रकरण कारकुनाच्या टेबलाशी ठेवा. पोर आता बारा वर्षांची आहे. ती विचारते की भाऊ तुरुंगात गेला, जागा रिकामी आहे, तर माझं नाव लिहाल का. कारकून चष्मा काढतो, तिला बसायला खुर्ची देतो, ‘बिड्डा’ म्हणून हाक मारतो आणि उत्तर देतो. ते उत्तर तेलुगूत छापा, चांगलं सात-आठ ओळींचं. तळटीप देऊ नका. संपादक भाषांतर मागेल, तेव्हा फोन उचलू नका.