एका एसी १२८ साठी जुन्या बाजारात

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. नवशिक्याने बुधवारी जावं. रविवारी हौशी लोक येतात, आणि हौशी माणसाचा चेहरा माल विकणाऱ्या मामांना वीस फुटांवरून वाचता येतो. सोबत सुईचा मल्टिमीटर, भिंग, स्क्रू ड्रायव्हर आणि एक कापडी पिशवी घ्यावी. पिशवी लहानच असावी. ती पुरणार नाही, पण निघताना आपला हेतू स्वच्छ होता एवढं तरी घरी सांगता येतं.

काय हवंय ते ठरवून निघावं. समजा, एसी १२८ ची जोडी हवी आहे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकर हलवायचं काम ही जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी करायची. आता गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या फझ पेडलसाठी तिला भाव आला आहे. हे तुम्हाला माहीत आहे, हे मामांना कळता कामा नये. ‘एसी १२८ आहे का?’ असं विचारलंत की संपलात. आधी तुटक्या रिमोटकडे बोट करून ‘केवढ्याला?’ म्हणावं. मग इस्त्रीबद्दल विचारावं. मग बंद घड्याळाला नाक मुरडावं. आणि जाता जाता, काही विशेष नाही अशा थाटात, त्या मेलेल्या रेडिओपाशी थांबावं.

“चालू आहे का हो मामा?”

“चालू असता तर इथं असता का साहेब?”

घासाघीस अख्ख्या रेडिओची करावी. त्यातला सुटा भाग मागितला की त्याला भाव येतो. भंगार म्हणून घेतलं की सगळं एका हिशेबात येतं. वर गँग कंडेन्सर, आयएफ ट्रान्सफॉर्मर आणि फेराइटची कांडी फुकटात पडते. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर मात्र कुणी भेट दिले तरी घेऊ नयेत. ते पडून पडून आतून वाळतात.

कधी बिस्किटाच्या डब्यात सुटे ट्रान्झिस्टर मिळतात. इथे घाई नको. आधी ते खरंच जर्मेनियमचे आहेत का, ते पाहावं. मीटर ओहमवर लावला की बहुतेक सुईच्या मीटरमध्ये काळी तार धन असते आणि लाल ऋण. हे ठाऊक नसल्यामुळे मी पूर्वी कितीतरी चांगले ट्रान्झिस्टर मेलेले समजून परत डब्यात टाकले आहेत. एसी १२८ हा पीएनपी. काळी तार एमिटरला लावायची, लाल कलेक्टरला, आणि बेसचा पाय मोकळा सोडायचा. सिलिकॉन असेल तर सुई हलत नाही. जर्मेनियम असेल तर थोडी उठते, कारण तो जन्मतःच गळका. आता ते धातूचं इवलंसं नळकांडं चिमटीत धरावं. बोटांच्या उबेनं गळती वाढते आणि सुई हळूहळू पुढे सरकू लागते, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी. सोडलं की ती परत येते. परत येत नसेल किंवा थेट टोकाला जाऊन आदळत असेल, तर नळकांडं डब्यात ठेवून पुन्हा इस्त्रीबद्दल विचारावं.

ओसी ७१ सापडला तर त्याच्या काचेवरचा काळा रंग खरवडायचा मोह होईल. खरवडला की त्याला उजेड कळू लागतो. मुळात उजेड ओळखणारा ओसीपी ७१ महाग होता, म्हणून जुन्या काळी हौशी मंडळी हेच करत. पण एकच ओसी ७१ मिळाला असेल तर पाकीट आणि नखं दोन्ही खिशात ठेवावीत.

व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आतला रुपेरी डाग बघावा. तो आरशासारखा चकचकीत हवा. पांढरा, दुधी झाला असेल तर आत हवा शिरली आहे. शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही.

आयसीवरच्या आकड्यांनी मी स्वतः फसलो आहे. चार आकडी तारखेत पहिले दोन आकडे सालाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे, एवढं वाचून गेलो होतो. ७४९० दिसलं आणि १९७४ सालचा माल मिळाला म्हणून हरखलो. ते चिपचं नाव होतं, काउंटरचं. मामांनी मला वर्षात आठवडे किती असतात ते विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. ७४३२ दिसलं तर मात्र मामाही मदत करू शकत नाहीत: ते ऑर गेटचं नावही असतं आणि १९७४ चा बत्तिसावा आठवडाही.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना. रेडिओ घरी आणल्यावर लगेच डाख सोडवून ट्रान्झिस्टर काढून घ्यावेत. ‘एकदा बघू तर’ म्हणून सेलच्या गंजलेल्या स्प्रिंगा घासू नयेत. त्यात नवे सेल तर मुळीच घालू नयेत. मी घातले. बटण फिरवताना खरखर झाली आणि ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लागलं. आई आतून आली, रेडिओ उचलून फडताळावर ठेवला आणि म्हणाली, “याला आता हात लावायचा नाही.”

येत्या बुधवारी मोठी पिशवी नेतोय.